बेगल, कोळी आणि मुंबॅटन : 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मधल्या दडलेल्या खुणा

२०१८ साली आलेल्या 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' या ॲनिमेशनपटात माइल्स मोरालेस हा शाळकरी मुलगा अल्केमॅक्स कंपनीच्या प्रयोगशाळेतून पळ काढताना पाठलाग करणाऱ्या एका शास्त्रज्ञाच्या डोक्यावर बेगल, म्हणजे मधोमध भोक असलेला गोल पाव, फेकून मारतो. त्याच क्षणी पडद्यावर ठळक अक्षरांत 'बेगल!' असा शब्द उमटतो आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो. तो शास्त्रज्ञ कोण, त्याचे पुढे काय झाले, असा प्रश्न कोणालाही पडत नाही. पाच वर्षांनी, जून २०२३ मध्ये, 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा दुसरा भाग आला आणि त्यात अंगभर काळी भोके पडलेला स्पॉट नावाचा खलनायक माइल्ससमोर उभा राहून सांगू लागला की, तो बेगल ज्याच्या डोक्याला लागला तो मीच.

पडद्यावर उघडपणे दिसत असूनही ज्याचा अर्थ बहुतेकांच्या लक्षात येत नाही, अशा तपशिलाला इंग्रजीत 'ईस्टर एग' म्हणतात. हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो अटारी कंपनीच्या 'ॲडव्हेंचर' या व्हिडिओ गेममुळे. त्या काळी कंपनी खेळ बनवणाऱ्यांची नावे कोठेही देत नसे. म्हणून वॉरेन रॉबिनेट या प्रोग्रामरने १९८० च्या सुमारास आपले नाव खेळातल्या एका गुप्त खोलीत दडवून ठेवले. ते एका खेळाडूला सापडले, तेव्हा कंपनीतल्या एका अधिकाऱ्याने अशा गोष्टी काढून टाकण्याऐवजी मुद्दाम ठेवाव्यात असे सुचवले आणि ईस्टरच्या दिवशी मुले बागेत लपवलेली अंडी शोधतात त्यावरून त्यांना हे नाव दिले. ज्या कारागिराचे नाव कोठेच येत नव्हते त्याने ते स्वतःच कोरून ठेवले, अशी या शब्दाची जन्मकथा आहे, आणि हा चित्रपट पाहताना ती मला वारंवार आठवते.

'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मधल्या अशा खुणांच्या लांबलचक याद्या अनेकांनी केल्या आहेत. त्यांची अडचण अशी की त्यांत सगळ्या खुणा एकाच मापाने मोजल्या जातात. काही खुणा जुन्या वाचकाला केवळ ओळख देऊन पुढे जातात. काहींवर कथानकाचा सगळा भार असतो. काही तर चित्र काढण्याच्या पद्धतीतच मुरलेल्या असतात, त्यामुळे त्या खुणा आहेत हेच ध्यानात येत नाही. हा फरक उदाहरणांवरूनच स्पष्ट होईल. (पुढे कथानकातली रहस्ये उघड केली आहेत, तेव्हा चित्रपट पाहायचा राहिला असेल तर आधी तो पाहावा.)

सुरुवात आकड्यांपासून करू. या कथेत एकच विश्व नाही, समांतर विश्वे अगणित आहेत. प्रत्येकाला क्रमांक आहे आणि बहुतेक ठिकाणी कोणी ना कोणी स्पायडर-मॅन आहे. माइल्सचे विश्व १६१०, तिच्या विश्वात स्वतःच कोळ्याची शक्ती मिळालेल्या ग्वेन स्टेसीचे ६५, सगळ्या स्पायडर-लोकांचा म्होरक्या मिगेल ओहाराचे ९२८. हे क्रमांक कॉमिक्समधून जसेच्या तसे घेतले आहेत. ज्याला ते ठाऊक आहेत त्याला ओळखीचे कोणी भेटल्याचा आनंद होतो, ज्याला ठाऊक नाहीत त्याचे काही अडत नाही. मात्र ४२ या आकड्याची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या भागात माइल्सला जो कोळी चावतो त्याच्या पाठीवर ४२ हा आकडा आहे. त्या वेळी अनेकांनी तो जॅकी रॉबिन्सन यांना केलेला नमस्कार मानला. अमेरिकेच्या आधुनिक मेजर लीग बेसबॉलमधला कृष्णवर्णीयांवरचा बहिष्कार १९४७ साली मोडणारे रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून ४२ क्रमांकाची जर्सी घालून खेळत, आणि माइल्सही ब्रुकलिनचाच कृष्णवर्णीय मुलगा आहे. हा अर्थ चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. दुसऱ्या भागात मिगेल माइल्सला सुनावतो की तुला चावलेला कोळी तुझ्या विश्वातला नव्हताच. तो ४२ क्रमांकाच्या विश्वातून आला, तेथे ज्याला तो चावायचा होता त्याला चावला नाही, आणि म्हणून त्या विश्वाला स्पायडर-मॅन मिळालाच नाही. हा कोळी प्रयोगादरम्यान इकडे आणणारा शास्त्रज्ञ म्हणजे पुढे स्पॉट झालेला, बेगलचा मार खाल्लेला तोच माणूस. पाठीवरचा आकडा म्हणजे त्या कोळ्याचा पत्ता होता.

पुढे तर हा आकडा माइल्सच्या जिवावर बेततो. त्याला घरी पोहोचवणारे यंत्र त्याच्या शरीरातल्या कोळ्याच्या अंशावरून घराचा ठाव घेते आणि त्याला ४२ क्रमांकाच्या विश्वात नेऊन सोडते. तिथे त्याचे मेलेले काका जिवंत आहेत, वडील गेलेले आहेत आणि आईने स्पायडर-मॅन हा शब्दही कधी ऐकलेला नाही. पहिल्या भागात ज्याने ४२ हा आकडा मनात नोंदवला होता, त्याच्या पोटात यंत्राच्या पडद्यावर तो दिसताच गोळा येतो, कारण माइल्सला जे अजून कळलेले नाही ते त्याला आधीच कळते. प्रेक्षकाला पात्राच्या दोन पावले पुढे नेऊन ठेवणे, हे चांगल्या खुणेचे खरे काम आहे असे मला वाटते.

आता मुंबॅटन. मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिलाफातून घडलेल्या या शहरात मॅनहॅटनची उंची आहे आणि तिच्यात मुंबईची दाटी थरांवर थर रचून भरलेली आहे. इथला स्पायडर-मॅन म्हणजे पवित्र प्रभाकर. हे पात्र चित्रपटासाठी घडवलेले नाही. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी २००४ साली चार अंकांची एक कॉमिक्स मालिका केली, तिचा तो नायक. मूळ न्यूयॉर्कच्या पीटर पार्करचे नाव भारतीय उच्चारात बसवून पवित्र प्रभाकर, मे काकूंची माया काकू, बेन काकांचे भीम काका, असा हा खेळ होता, आणि कथा थेट मुंबईत घडत होती. त्या मालिकेत एक योगी त्याला शक्ती देतो आणि पवित्र धोतर नेसून इमारतींवरून झेपावतो. चित्रपटातल्या पवित्रच्या पोशाखात धोतराची ती ठेवण शिल्लक आहे, हातातल्या कड्यांपासून जाळे सोडण्याची तऱ्हा नवी आहे आणि अंगाच्या हालचाली केरळच्या कळरिपयट्टू या युद्धकलेवरून बेतल्या आहेत.

मुंबॅटनची रंगसंगती मात्र आणखी जुन्या ठिकाणाहून आली आहे. तिच्यामागे १९७० च्या दशकातल्या इंद्रजाल कॉमिक्सची प्रेरणा होती, असे चित्रकारांनी सांगितले आहे. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये मुंबईतून सुरू केलेली ही मालिका मराठीतही निघत असे. वेताळ आणि जादूगार मँड्रेक यांच्या गोष्टी ज्यांनी सुट्टीत एकमेकांच्या हातून ओढून वाचल्या, त्या पिढीला पिवळट कागदावरचे ते भडक रंग, छापताना रेषेच्या थोडे बाहेर सरकलेले ते लाल-निळे पट्टे मुंबॅटनमध्ये पाहताक्षणी ओळखू येतील. अमेरिकी समीक्षकांना त्या दृश्यांत केवळ रंगीबेरंगी भारत दिसला, तर त्यात त्यांचा दोष नाही. ही खूण त्यांच्यासाठी नव्हतीच. हा चित्रपट भारतात १ जून २०२३ रोजी, अमेरिकेच्या एक दिवस आधी, दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यांत मराठीही होती, हे इथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

मुंबॅटनमधला सर्वांत गाजलेला संवाद चहाचा. माइल्स 'चाय टी' म्हणतो आणि पवित्र उसळून विचारतो की 'चाय' म्हणजेच 'टी', मग तू 'टी टी' काय म्हणतोस? अमेरिकेतल्या कॉफीच्या दुकानांत मसालेदार चहाला खरोखरच 'चाय टी' म्हणतात आणि तिथल्या भारतीयांना ते वर्षानुवर्षे खटकत आलेले आहे, तेव्हा हा विनोद प्रथम त्यांचा आहे. आपणही 'एटीएम मशीन' म्हणतोच, आणि त्यातल्या 'एम'चा अर्थ मशीन असाच आहे, पण तिथे आपली भाषा कोणी बिघडवल्याचा सल नसतो. पवित्रच्या वाक्यात तो सल आहे. पुढे शहर दाखवताना, इंग्रजांनी आमच्या सगळ्या वस्तू चोरून नेल्या असे तो जाता जाता म्हणतो, तेव्हा तोच धागा पुढे चाललेला असतो.

पण माझ्या मते मुंबॅटनमधली खरी दडलेली खूण विनोदात नाही, कोसळणाऱ्या इमारतीत आहे. स्पॉटमुळे तिथली अल्केमॅक्सची इमारत ढासळू लागते. पवित्रच्या मैत्रिणीचे, गायत्रीचे, वडील इन्स्पेक्टर सिंग वरून पडणाऱ्या ढिगाऱ्याखालून एका लहान मुलाला वाचवायला धावतात आणि स्वतः सापडण्याच्या बेतात असतात. इथे ग्वेन माइल्सला अडवू पाहते, तो ऐकत नाही, झेप घेतो आणि दोघांनाही वाचवतो. लगेच त्या जागी जमिनीला काळे विवर पडते आणि विश्वच उसवू लागते. नंतर मिगेल समजावतो की काही घटना प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात घडायलाच हव्यात, त्या टळल्या तर त्याचे विश्व नष्ट होते, आणि इन्स्पेक्टर सिंग यांचा मृत्यू ही अशीच एक घटना होती. तिचा सांकेतिक उल्लेख 'एएसएम-९०' असा येतो.

'एएसएम' म्हणजे 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' हे मूळ कॉमिक, आणि ९० म्हणजे त्याचा नव्वदावा अंक, नोव्हेंबर १९७० चा. तो उघडला की हेच दृश्य समोर येते. स्पायडर-मॅन आणि खलनायक डॉक्टर ऑक्टोपस यांच्या झटापटीत गच्चीवरून विटा-मातीचा ढिगारा कोसळतो, खाली एक लहान मूल उभे असते, आणि पोलीस कॅप्टन जॉर्ज स्टेसी त्याला दूर ढकलून स्वतः ढिगाऱ्याखाली चिरडले जातात. मरताना ते स्पायडर-मॅनला पीटर या नावाने हाक मारतात, म्हणजे त्यांना सगळे आधीपासून ठाऊक होते, आणि ग्वेनची काळजी घे असे सांगतात. ही ग्वेन त्यांची मुलगी. स्टॅन ली यांनी लिहिलेल्या आणि गिल केन यांनी चितारलेल्या त्या पानांची रचना ५३ वर्षांनंतर मुंबॅटनमध्ये जवळजवळ तशीच उभी केली आहे : ढिगारा, मूल, धावणारा पोलीस अधिकारी. फरक एवढाच की इथे कोणीतरी वेळेवर पोहोचते.

या खुणेत काय काय भरले आहे ते पाहा. माइल्सचे वडीलही पोलीस आहेत आणि लवकरच कॅप्टन होणार आहेत, म्हणजे पुढचा अंक नव्वद त्यांच्या वाट्याला येणार. ग्वेनचे वडील तर कॅप्टन स्टेसीच, फक्त दुसऱ्या विश्वातले. आणि ग्वेनची स्वतःची नियतीही त्याच कॉमिकच्या १२१ व्या अंकात लिहिलेली आहे. जून १९७३ च्या त्या अंकात पुलावरून फेकलेल्या ग्वेनला पीटर जाळ्याने पकडतो, पण तिचा जीव वाचत नाही. म्हणून चित्रपटातली ग्वेन माइल्सला सांगते की इतर विश्वांत ग्वेन स्टेसी जेव्हा जेव्हा स्पायडर-मॅनच्या प्रेमात पडते तेव्हा त्याचा शेवट चांगला होत नाही. न्यूयॉर्कच्या एका उंच इमारतीच्या कठड्याखाली दोघे उलटे बसलेले असताना हे बोलणे होते, हेही लक्षात ठेवावे. अंक कधी न वाचलेल्या प्रेक्षकाला हा एक हळवा प्रसंग वाटतो. ज्याने वाचला आहे त्याला उंची, ग्वेन आणि पीटरचा वारसदार एकाच चौकटीत पाहून धडकी भरते. अर्धशतकापूर्वीच्या लेखकांनी जे लिहिले ते टाळताच येत नाही का, असा प्रश्न चित्रपट विचारतो, आणि हा प्रश्न एकाच वेळी नायकाचा आणि कॉमिक्सच्या वाचकाचा आहे.

याच्या तुलनेत बाकीच्या पाहुण्या पात्रांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. स्पॉट भोकातून डोके काढतो ते 'व्हेनम' चित्रपटांतल्या मिसेस चेन यांच्या दुकानात. वेगवेगळ्या विश्वांतल्या संपादक जेमसन यांना आवाज आहे तो २००२ पासून ही भूमिका करणाऱ्या जे. के. सिमन्स यांचा. या भेटीगाठी गमतीच्या आहेत, त्यापलीकडे त्यांना काम नाही. अपवाद आहे डोनाल्ड ग्लोव्हर यांचा. स्पायडर-लोकांच्या मुख्यालयात कोठडीत डांबलेला हाडामांसाचा जो प्राउलर, म्हणजे माइल्सच्या काकांचे खलनायकी रूप, माइल्सला दिसतो, ते हे ग्लोव्हर. २०१० साली स्पायडर-मॅनच्या भूमिकेसाठी या कृष्णवर्णीय अभिनेत्याचा विचार व्हावा म्हणून इंटरनेटवर मोहीम झाली. भूमिका मिळाली नाही. मग 'कम्युनिटी' या मालिकेच्या एका भागात ते स्पायडर-मॅनचा पायजमा घालून आले. कॉमिक्स लेखक ब्रायन मायकल बेंडिस यांनी ते पाहिले आणि अशा नायकाचे कॉमिक आपल्यालाच वाचावेसे वाटेल असे त्यांच्या मनात आले. ऑगस्ट २०११ मध्ये बेंडिस आणि चित्रकार सारा पिकेली यांचा माइल्स मोरालेस छापून आला. २०१७ च्या चित्रपटात ग्लोव्हर माइल्सच्या काकांच्या भूमिकेत दिसले, आणि २०१८ च्या ॲनिमेशनपटात काकांच्या घरातल्या टीव्हीवर तोच पायजम्याचा प्रसंग चालू होता. तेव्हा कोठडीच्या काचेतून माइल्स ज्याच्याकडे पाहतो तो माणूस एका अर्थाने त्याच्या जन्माचे निमित्त आहे, आणि हे त्या दोघांपैकी कोणालाच माहीत नाही.

आता चित्रातच मुरलेल्या खुणांकडे वळू. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात. ॲनिमेशनमध्ये प्रत्येक चित्रासाठी पात्राची नवी मुद्रा काढली तर हालचाल गुळगुळीत होते, आणि एक मुद्रा दोन चित्रे तशीच ठेवली, म्हणजे सेकंदाला बाराच मुद्रा वापरल्या, तर ती किंचित अडखळती दिसते. पहिल्या भागात जंगलातून झोके घेताना अनुभवी पीटर चोवीसच्या गतीने हलतो आणि नवखा माइल्स बाराच्या. माइल्स शिकत आहे हे एकाही शब्दाशिवाय आपल्या डोळ्यांना कळते, पण कशामुळे कळले ते सांगता येत नाही. दुसऱ्या भागात हीच युक्ती होबी ब्राऊन या बंडखोर स्पायडर-मॅनसाठी फार पुढे नेली आहे. त्याचे शरीर, जाकीट आणि गिटार वेगवेगळ्या गतींनी बदलतात, त्यामुळे हा माणूस भिंतीवर चिकटवलेल्या कागदी कात्रणांचा बनला आहे असे वाटत राहते. कोणतीही शिस्त न पाळणारा माणूस चित्रपटाच्या गतीचीही शिस्त पाळत नाही.

ग्वेनच्या विश्वात भिंतींचे रंग तिच्या मनाप्रमाणे बदलतात. तिची गोष्ट २०१४ मध्ये कॉमिक्समध्ये आली, आणि रॉबी रॉड्रिग्ज यांनी तिच्यासाठी काढलेल्या मुखपृष्ठांची आठवण देणारे जलरंगांचे ओघळ इथे खोलीच्या भिंतींवरून खाली वाहताना दिसतात. वडिलांशी दुरावा असताना सगळे गार निळे असते आणि शेवटी मिठी मारताना त्याच खोलीत उबदार रंग पसरतो. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात शिरलेला व्हल्चर हा पंखधारी खलनायक तर लिओनार्दो दा विंचीच्या वहीतूनच उडून आल्यासारखा, जुन्या चर्मपत्राच्या रंगाचा आणि शाईच्या रेघोट्यांचा आहे. आधुनिक कलेच्या घरात पुनर्जागरणकाळातला माणूस तोडफोड करतो हा विनोद अर्थात जाणूनबुजून केलेला आहे.

हे सगळे करणाऱ्या हातांबद्दल बोलल्याशिवाय पडद्यामागची गोष्ट पुरी होणार नाही. चित्रपटावर सुमारे एक हजार कलाकारांनी काम केले. प्रदर्शनानंतर काही आठवड्यांतच त्यांच्यातल्या चौघांनी नाव न देता एका अमेरिकी नियतकालिकाला सांगितले की पूर्ण झालेली दृश्ये पुन्हा पुन्हा बदलायला लावली जात होती, आठवडेच्या आठवडे जादा तास काम चालले आणि सुमारे शंभर जण चित्रपट पुरा होण्याआधीच सोडून गेले. ॲनिमेशनमध्ये बदल होतातच, अशी बाजू निर्मात्यांनी मांडली. दोन्ही म्हणणी ऐकूनही मला वाटते की कच्च्या आराखड्यात बदल करणे वेगळे आणि रंगवून, प्रकाश देऊन झालेल्या दृश्यात बदल करणे वेगळे. दुसऱ्यात कोणाच्या तरी अनेक रात्री पुसल्या जातात. हे बदल इतक्या उशिरापर्यंत चालले की वेगवेगळ्या चित्रपटगृहांत किंचित वेगळ्या आवृत्त्या दाखवल्या गेल्या. एखादा संवाद, एखादी मुद्रा यांत फरक होता आणि तो प्रेक्षकांनीच हेरला.

याच चित्रपटात याच्या उलटही एक गोष्ट घडली. लेगो ठोकळ्यांच्या विश्वातला छोटासा प्रसंग कॅनडातल्या एका चौदा वर्षांच्या मुलाने केला आहे. त्याने चित्रपटाची झलक लेगोच्या रूपात घरच्या संगणकावर करून इंटरनेटवर टाकली होती. चित्रपटाचे लेखक-निर्माते फिल लॉर्ड आणि ख्रिस्तोफर मिलर हे २०१४ च्या लेगो चित्रपटाचे दिग्दर्शक, त्यामुळे ठोकळे कसे हलवायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी मुलाचे काम पाहिले आणि त्यालाच बोलावले. शाळेचा गृहपाठ आटोपून तो या दृश्यांवर काम करत असे.

शेवटी पुन्हा स्पॉट. कॉमिक्सचे चित्रकार चित्राचा कच्चा सांगाडा फिकट निळ्या पेन्सिलने आखत, कारण तो निळा रंग छपाईच्या कॅमेऱ्यात उमटत नसे. वर शाई फिरली की खालच्या रेषा प्रेक्षकाला कधीच दिसत नसत. स्पॉटच्या पांढऱ्या अंगाकडे नीट पाहिले तर डोक्याच्या गोलावर, खांद्याच्या सांध्यावर त्याच फिकट निळ्या रेषा अजून तशाच आहेत. पुढे तो बलाढ्य होतो, सगळा शाईने काळा होतो आणि त्या रेषा दिसेनाशा होतात. पण पहिल्या झटापटीत, किराणा दुकानातले एटीएम चोरायला आलेला तो हास्यास्पद माणूस जेव्हा उजेडात उभा असतो, तेव्हा चित्र थांबवून पाहावे. ज्या हाताने तो काढला त्याची पेन्सिल तिथे दिसते.